बंद पडलेली सिलिका वाळूची खाण बागेला लागून आहे, कड दरवर्षी आत येतेय. काय लावू?

माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबट आहे, पण तुकड्यातुकड्यांत विचारला तर उत्तरंही तशीच येतील.

माझं माहेर कणकवली तालुक्यात, कासार्डे-पियाळी पट्ट्यात. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे तांबड्या मातीखाली पांढरा वालुकाश्म लागतो, काही ठिकाणी इतका ठिसूळ की हातानं चुरडावा. तो खणून, धुवून, चाळून सिलिका वाळू करतात. काच कारखान्यांना जाते, फाउंड्रीवाल्यांना साच्यांसाठी जाते. आमच्या काजूच्या बागेला लागून अशी एक खाण होती. बंद होऊन बरीच वर्षं झाली. ज्यांचा खाणपट्टा होता ते मशिनं उचलून गेले, खड्डा आणि मातीचा ढीग आमच्या शेजाराला ठेवून.

खड्ड्याची कड उभी आहे, दोन पुरुष तरी खोल. पावसाळ्यात ती ढासळते आणि आमच्या बाजूला सरकते. गेल्या काही वर्षांत काजूची एक अख्खी ओळ खाली गेली. ढिगावर घळी पडल्यात, एकीत माणूस उभा राहिला तर दिसत नाही. त्या ढिगाची माती वहाळात (ओढ्यात) येते आणि वहाळ भरला की पाणी आमच्या कुणग्यांत, म्हणजे भाताच्या वाफ्यांत, शिरतं. भात काढायच्या वेळी बघावं तर पांढरी रेव पसरलेली.

भाऊ गावाला असतो, मी डोंबिवलीला. तो म्हणतो अकेशिया लावून टाकू, रोपं स्वस्त मिळतात आणि गुरं तोंड लावत नाहीत. एक नर्सरीवाला म्हणतो आंब्याची कलमं लावा. चुलत्यांचं म्हणणं, काही लावू नका, देवाक काळजी. खर्च मी आणि भाऊ मिळून करणार, म्हणजे हात राखूनच. तर नेमकं काय लावलं की ही माती थांबेल? फोटो खाली टाकलेत.

भीमाकाठ

ताई, मी पंढरपूरकडचा. आमची वाळू नदीची, तुमची डोंगरातली, पण दुखणं एकच. आमच्याकडं पात्रात खड्डे पाडले की पहिल्या पुराला खड्ड्याची वरची कड खचत खचत प्रवाहाच्या उलट दिशेनं वर जाते, मग काठ सुटतो आणि काठावरचा ऊस मोटारीसकट नदीत. लोक म्हणतात वाळू काय, पुरात परत येते. पूर्वी येत होती. उजनी 1980 साली पुरी झाली, तेव्हापासून वरची वाळू धरणात बसते. नीरा खाली नरसिंगपूरला मिळते, पण तिच्या वाटेतही वीर-भाटघर आहेतच. म्हणजे काढलेली गेली ती गेली.

उपाय म्हणाल तर आम्ही माळावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले) खणून पाणी जिरवलं आणि बांधावर झाडं लावली. मातीचं वाहणं थांबलं, विहिरींना पाणी वाढलं. तुम्हीही त्या ढिगावर समतल चर मारा, पाणी जागच्या जागी जिरवा. लोकसहभागातून होतं, मशीन लागत नाही.

सडा-कातळ

माहेरवाशीण ताई, मी मृदसंधारणाच्या कामावर रत्नागिरी-सिंधुदुर्गात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. फोटो मोठे करून पाहिले. झाडांचा विषय आत्ता बाजूला ठेवा.

तिसऱ्या फोटोत बघा. खाणीचा जुना ट्रकांचा रस्ता वरच्या सड्याकडून (कातळाच्या माळाकडून) येतो, बागेच्या कडेनं उतरतो आणि थेट खड्ड्याच्या तोंडाशी संपतो. ट्रकांनी दाबून घट्ट झालेली जमीन, तिच्यात पाण्याचा थेंब मुरत नाही. सड्यावरचं सगळं पाणी ह्या आयत्या वाटेनं धावत येतं आणि कडेवरून खाली उडी मारतं. ते जिथं आपटतं तिथला ठिसूळ वालुकाश्म आधी धुतला जातो, वरची तांबडी माती वळचणीसारखी पुढे राहते, आणि एखाद्या रात्री ती वजनानं खाली येते. म्हणून तुमची कड बोटाबोटानं झिजत नाही, एकदम हातभर जाते. अशा कडेवर तुम्ही कल्पवृक्ष जरी लावलात तरी तो मुळासकट खाली जाणार. काजूची ओळ गेली ती झाडं कमकुवत होती म्हणून नव्हे.

भीमाकाठ यांचा सल्ला त्यांच्या मुलखात सोळा आणे खरा. त्यांच्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही हुलकावण्या देत. कणकवलीला तीन हजारांच्या वर, आणि त्यातला बराचसा जून ते ऑगस्टात. खाणीचा ढीग म्हणजे मूळ जमीन नव्हे, ओतलेली भुसभुशीत भर आहे. तिच्यावर समतल चर मारले तर ते एका दिवसात भरतील, पाणी आत शिरेल, भर जड होईल आणि सगळा उतार चरासकट खाली सरकेल. त्यात वाळूच्या भरीत पाणी आतून बीळ पाडत जातं, वरून काही कळत नाही. मूळ सड्यावर, ढिगापासून लांब, पाणी जिरवा हवं तर. ढिगावर आणि कडेजवळ मात्र पाणी अडवायचं नाही, वळवून न्यायचं. घाटावरची योजना जशीच्या तशी कोकणात उतरवायची आपल्याकडे फार हौस आहे. नकाशा तोच, अंदाजपत्रक तेच, फक्त गावाचं नाव बदलायचं.

तेव्हा पहिलं काम वळण-चराचं. खड्ड्याच्या कडेपासून मागे, खड्डा जितका खोल आहे निदान तितकं अंतर सोडून, एक ढाळीचा चर काढा. ढाळ अगदी कमी, दोनशे फुटांना एक फूट पुरे. जास्त दिलात तर चरच घळ होतो. काढलेली माती खड्ड्याच्या बाजूला टाकून दाबायची, आणि ट्रकांच्या रस्त्यावर मध्ये मध्ये तिरके उंचवटे घालायचे म्हणजे पाणी रस्ता सोडून चरात येईल. चराचं तोंड कुठं निघतं हे सगळ्यात महत्त्वाचं. ते उघड्या कातळावर किंवा दगड पसरलेल्या जागी निघालं पाहिजे. मोकळ्या मातीत सोडून दिलंत तर दोन पावसाळ्यांत तिथं नवी घळ तयार.

मग ढीग. मोकळी वाळू-माती साधारण तीस-पस्तीस अंशांवर थांबते. ट्रकनं ओतलेला ढीग बरोबर त्याच कोनावर उभा असतो, म्हणजे कायम घसरायच्या बेतात. तो तीन फूट आडवं आणि एक फूट उभं इतका निवळला, म्हणजे उतार कमी केला, तर गवत धरतो. ह्याला मशीन लागेल, हातानं होणार नाही. पण आधी हे सांगा, ढीग कोणाच्या जागेत आहे? दुसऱ्याच्या जागेत मशीन घालून नवीन भांडण घेऊ नका.

घळी बुजवायच्या नाहीत. बुजवलेली माती पहिल्या पावसात जाते. घळीत अनगड दगडांचे बुटके बांध घाला, कमरेपेक्षा उंच नको. बांधाचे दोन्ही खांदे काठात खोल घुसवा, मध्यभाग खोलगट ठेवा म्हणजे पाणी मधूनच पडेल, आणि ते पडतं तिथं खाली दगड पसरा. नवशिके गवंडी माथा सरळ ओळीत आणतात, दिसायला छान दिसतो, आणि पाणी कडेनं फुटून बांध एकटा उभा राहतो. दोन बांधांत अंतर किती, तर वरच्याचा पाया आणि खालच्याचा माथा एका पातळीत यायला हवा. वाळूसाठी आणखी एक गोष्ट: नुसत्या दगडांतून ती निसटते. बांधाच्या वरच्या अंगाला काथ्याचं जाड जाळं लावा आणि त्यावर बारीक खडी. काथ्या दोन-तीन वर्षांत कुजतो, तोवर मागं गाळ बसून गवत आलेलं असतं.

एवढं फेब्रुवारी ते मे मध्ये उरकलं तर मृगाला हिरवं काम. पहिल्या वर्षी फक्त गवत आणि शेंगावर्गीय. उतारावर आडव्या ओळींत वाळा, दोन ठोंबांत वीतभरापेक्षा कमी अंतर, नाहीतर मधून पाणी वाट काढतं. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, म्हणून अशा जागी त्याच्याइतकं कामाचं दुसरं गवत नाही. फक्त गावात कोणी मुळं खणून अत्तरवाल्याला विकायचा उद्योग करणार नाही एवढं बघा. ओळींमध्ये स्टायलो आणि ताग फेका. ह्या मातीत नत्र नावालाही नसतं, ते ह्यांनी आणायचं. आणि पातेरा, म्हणजे झाडांखालचा सुका पाला. आमच्याकडे राब भाजायला पातेरा जाळतात, त्यातला निम्मा जरी ढिगावर पसरलात तरी पावसाचा मार मातीला थेट लागत नाही. प्रत्येक खड्ड्यात चिमूटभर जंगलातली माती टाकली तर मुळांना लागणारी बुरशी आपसूक येते. देवराईतली माती मात्र आणू नका, गाव अंगावर येईल.

झाडं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. ढिगाच्या पायथ्याला माणगा बांबू, कारण तो तुमच्याच मातीतला आहे आणि पुढं विकला जातो. मधल्या उतारावर धायटी, निर्गुडी, करवंद, कुडा. ह्यांतली दोन-तीन तर न लावता येतील, गुरांपासून वाचवलीत तर. भात कापून झालं की आपल्याकडे गुरं मोकाट सुटतात ती मृगापर्यंत. त्याआधी कुंपण, आणि वणव्यासाठी जाळरेषा. कडेच्या माथ्यावर मोठं झाड नको. वजन आणि वारा दोन्ही कडेला खाली ओढतात. आंब्याची कलमं लावायची तर चराच्या अलीकडे, चांगल्या जमिनीत लावा. खाणीसाठी कलमं सुचवणाऱ्या नर्सरीवाल्याला एकदा जागेवर न्या. आणि भावाला सांगा, अकेशिया नकोच.

डिचोलीकर

मी गोव्यातून. आमच्याकडे वाळू नव्हे, लोहखनिजाचे डंप. 2012 साली खाणी थांबल्या, परत सुरू झाल्या, 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं 88 पट्टे रद्द केल्यावर परत थांबल्या. डंप मात्र जिथल्या तिथं. डिचोली-सत्तरीतल्या शेतांत पावसाळ्यात काय उतरतं ते बघितलं की तुमच्या कुणग्यांची कल्पना येते.

सडा-कातळ यांनी पाण्याबद्दल लिहिलं त्याला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्याकडे जिथं पायथ्याला चिऱ्यांची भिंत आणि तिच्या आत गाळखड्डे होते, तिथं शेतं वाचली. जिथं नुसती झाडं लावून फोटो काढले तिथं वाचली नाहीत.

पण अकेशियाला सरसकट शिव्या नकोत. उघड्या डंपवर, जिथं गवताची काडी धरत नव्हती, तिथं तोच पहिला जगला. मुळांवर नत्राच्या गाठी असतात, गुरं खात नाहीत, भावाचं म्हणणं अगदीच चूक नाही. आमची चूक पुढं झाली. लावला आणि तसाच सोडला. पानं जाड, लवकर कुजत नाहीत, खाली दुसरं काही वर येत नाही. वरून हिरवं आणि खाली माती उघडी, उंचावरून ठिबकणारं पाणी ती खणतच राहतं. लावायचाच तर विरळ, ओळीआड गिरिपुष्प आणि करंज, आणि पाचेक वर्षांनी अकेशिया काढून टाकायचा हे आधी ठरवून.

साखळीची जुनी खाण जमलं तर बघून या. काजू, बांबू वगैरे लावून ती जागा चांगली उभी राहिली आहे, खड्ड्याच्या पाण्यात मासेही सोडले होते. अर्थात तिथं कंपनीचा पैसा होता, तुमच्याकडे भावाचं पाकीट.

सडा-कातळ

डिचोलीकर, पाच वर्षांनी काढून टाकायचा असं कागदावर सगळेच ठरवतात. काढतो कोण? तोवर सरपणाला कामाचा झालेला असतो, मग कुणी हात लावू देत नाही. माझं मत बदललेलं नाही. पण गिरिपुष्प आणि करंज मी विसरलो होतो, ते ताईंनी जरूर घ्यावेत.

माहेरवाशीण

सगळ्यांचे आभार. तो रस्ता मी लहानपणापासून बघतेय, पण पाणी त्यावरून येतं हे डोक्यात आलं नव्हतं. भावाला फोटो परत काढायला लावले, चिखलाच्या रेघा सरळ त्याच रस्त्यावरून आल्यात.

ढीग आमच्या जागेत नाही. अर्धा पट्ट्याच्या जागेत, अर्धा गावच्या गायरानात. मग ह्यात आम्ही पैसे का घालायचे, ज्यांनी खणलं त्यांची काही जबाबदारी नाही का? आणि कुणग्यांतल्या रेवेचं काय करू, नांगरून मिसळू का?

कागदवाचक

जबाबदारीबद्दल. 10 फेब्रुवारी 2015 ला केंद्रानं 31 खनिजं गौण म्हणून जाहीर केली, त्यांत सिलिका वाळू होती. त्याआधी ती प्रमुख खनिजांत मोडायची. हा फरक तुमच्या कामाचा आहे. 2003 पासून प्रमुख खनिजांच्या खाणींना खाण बंद करण्याचा आराखडा बंधनकारक झाला: वरची माती कुठं ठेवणार, ढीग कसे स्थिर करणार, काय लावणार. सोबत आर्थिक हमीही होती, खाणीच्या वर्गानुसार वापरातल्या क्षेत्राला हेक्टरी 15 किंवा 25 हजार रुपये. एवढ्यात किती हेक्टर निवळले असते ते सडा-कातळ सांगतील, पण कागद तरी आहे. तुमची खाण 2003 नंतर चालू असेल तर असा आराखडा असायला हवा. माहितीच्या अधिकारात दोन अर्ज करा, एक ओरोसला जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे, एक भारतीय खाण ब्यूरोकडे. मागा: पट्ट्याचा नकाशा, मंजूर खाणकाम आराखडा, बंद करण्याचा आराखडा, आणि हमी परत दिली का, कधी दिली.

दुसरं, 8 जानेवारी 2020 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं सरकारला सांगितलं की खाणकाम संपल्यावर पट्टेदारानं खाणीच्या जागेवर आणि खाणकामामुळे बिघडलेल्या इतर जागेवरही पुन्हा गवत उगवावं, जमीन चारा-झाडांना योग्य करावी, अशी अट पट्ट्यांत घाला. जुन्या बंद खाणीला ती आपोआप लागत नाही, पण निवेदनात उल्लेख ठेवा, वजन पडतं.

तिसरं, आणि मला वाटतं सर्वांत उपयोगी: जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी. खाणींच्या स्वामित्वधनाबरोबर तो गोळा होतो, खाणबाधित भागासाठीच असतो आणि पर्यावरण संवर्धन त्याच्या अग्रक्रमात आहे. गायरानातल्या ढिगासाठी ग्रामसभेचा ठराव करून मागणी जाऊ शकते. तुम्ही व्यक्ती म्हणून मागाल तर फाईल फिरत राहील, ठराव घेऊन गावानं मागितलं तर निदान उत्तर द्यावं लागतं. ठरावात 'वृक्षारोपण' हा शब्द घालू नका. रोपं येतील, फलक येईल, चर येणार नाही. 'ढिगाचे स्थिरीकरण, वळण-चर व गाळखड्डे' असंच लिहा.

सडा-कातळ

कागदवाचक यांचा शेवटचा मुद्दा लाखमोलाचा. आणि ताई, वळण-चर तुमच्या स्वतःच्या जागेतून काढता येतो, त्यासाठी कुणाची वाट बघू नका. कड अर्जाच्या निकालापर्यंत थांबत नाही.

कुणग्यांबद्दल. आधी रेव आहे की गाळ ते बघा. काचेच्या बाटलीत मूठभर घालून पाणी भरा, हलवा आणि ठेवा. मिनिटाभरात तळाला बसली तर वाळू. रात्रभर पाणी दुधाळ राहिलं तर ती खाणीतली धुवणाची बारीक माती, तिची सुकल्यावर पापडी धरते आणि भाताचा फुटवा दाबते. वाळूचा थर चार बोटांपेक्षा कमी असेल तर शेणखत घालून खोल नांगरा, धैंचा (हिरवळीचं खत) पेरून गाडा. जाड असेल तर खरवडून काढा. ती काढलेली वाळू विकायला जाऊ नका, गौण खनिजाच्या कायद्यात सापडाल. घळीतल्या बांधांमागं टाका. पापडीवाला गाळ असेल तर कापणीनंतर ओल असतानाच नांगरून फोडा आणि पातेरा-शेणखत भरपूर घाला. पण ह्यातलं काहीही वरचं पाणी वळवण्याआधी करू नका, पुढच्या आषाढात नवा थर येईल. वहाळ तुमच्या हद्दीत शिरतो तिथं एक गाळखड्डा खणा आणि दर मे महिन्यात उपसा. एका कुणग्यात पाणी ठरत नसेल तर तिथं भाताचा हट्ट सोडा, भुईमूग घ्या.

माहेरवाशीण

भावाला वाचून दाखवलं. तो तयार आहे, अकेशियाची रोपं सांगून ठेवली होती ती रद्द केली. त्याचा एकच प्रश्न: दोनशे फुटांना एक फूट ढाळ डोळ्यांनी कसा कळणार? आणि कडेजवळ काम करताना काय सांभाळायचं?

सडा-कातळ

डोळ्यांनी कळत नाही. गवंड्याकडे पारदर्शक नळी असते पाण्यानं पातळी बघायची, ती घ्या. दर पन्नास फुटांवर खुंटी, आणि पुढच्या खुंटीजवळ चराचा तळ तीन इंच खाली. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, सगळं माप चुकतं. कडेखाली, खड्ड्याच्या बाजूनं, कुणालाही काम करायला उतरवायचं नाही, सुक्या दिवसांतसुद्धा. माथ्यावर जमिनीला भेग दिसली तर तिच्या मागंच राहायचं. आणि खड्ड्याच्या तोंडाला आताच काटेरी कुंपण घाला, पाणी भरलं की गुरं उतरतात आणि मागून पोरं. वाळ्याच्या ठोंबांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या जवळच्या केंद्रात आत्ताच विचारून ठेवा, जूनमध्ये गेलात तर मिळायचे नाहीत.